शंभरात वीस गैरहजर

नागपूरच्या एम्प्रेस मिलची गोष्ट सांगणारे दलदलीपासून सुरुवात करतात. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळची पाणथळ जमीन घेतली आणि ती मातीने भरायला काढली. तेव्हा एका मारवाडी सावकाराने त्यांना कर्ज द्यायला साफ नकार दिला. जो माणूस खड्डा बुजवण्यात सोनं घालतोय त्याला पैसे कोण देणार, असं त्याचं म्हणणं. पुढे गिरणी चालली, नफ्यात आली, आणि त्याच सावकाराला कबूल करावं लागलं की या माणसाने माती टाकून सोनं काढलं. टाटांच्या बहुतेक चरित्रांत ही गोष्ट असते, आणि कॉर्पोरेट भाषणांत तर असतेच असते.

मला मात्र त्या गोष्टीच्या पुढचं पान जास्त रस घेऊन वाचावंसं वाटतं. तिथे एक आकडा आहे: 20 टक्के. गिरणी सुरू झाली, मशिनं लागली, भोंगा वाजायला लागला आणि रोज शंभरातले वीस कामगार येतच नव्हते.

कंपनीचं पूर्ण नाव होतं सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. नोंदणी 1874 ची, भांडवल 15 लाख रुपये. 1 जानेवारी 1877 ला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी गिरणी सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस. त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई असं समीकरण होतं. जमशेटजींनी उलटा हिशेब केला. कापूस वऱ्हाड-वर्ध्याकडे, कोळसा वरोऱ्याला, आणि भुसावळवरून नागपूरला जाणारी रेल्वे 1867 पासून चालू. मग कापूस मुंबईला न्यायचा कशाला? हिशेब बरोबर होता. फक्त त्यात माणसांचा रकाना नव्हता.

मुंबईच्या गिरणीत आलेला माणूस कोकणातून, घाटावरून गाव सोडून आलेला असायचा. एक दिवस खाडा झाला तर खोलीचं भाडं अंगावर यायचं. नागपूरच्या कामगाराचं तसं नव्हतं. त्याचं घर तिथेच, किंवा चालत जाण्याच्या अंतरावर. कुणाकडे वावर, कुणाकडे हातमाग. पाहुणे आले, सण आला, पोळा आला, पेरणी आली की तो घरी थांबायचा. चरित्रकारांनी याला नागपूरकरांचा सुस्त स्वभाव म्हटलंय. मला ते पटत नाही. ज्याला गिरणीशिवाय दुसरंही काही आहे, तो गिरणीला दुसऱ्या नंबरवर ठेवणारच. यात स्वभावाचा काय संबंध?

हे मला पटकन कळलं, कारण मी दोंडाईचाचा आहे. आमच्याकडे मिरचीचा सीझन, कापसाचा सीझन, मक्याचा सीझन असं वर्ष चालतं. जिनिंगवर जाणारा माणूस शेताची हाक आली की जिनिंग सोडतो आणि शेत मोकळं झालं की परत येतो. यात कुणाला बेशिस्त दिसत नाही. माझे आबा सीझनला एका जिनिंगवर जायचे. मजुरी वेळेवर मिळायची, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण एका वर्षी त्यांनी जाणं बंद केलं. का, असं आजीने विचारलं तेव्हा म्हणाले, "पैसा भेटस, पन मान नही भेटस." मुकादम बापाच्या वयाच्या माणसालाही अरे-तुरे करायचा, एवढंच कारण. घरात पैशांची चणचण होती तरी ते परत गेले नाहीत. आमच्या घरात हे वाक्य आता चेष्टेत वापरलं जातं, भाजीत मीठ कमी पडलं तरी.

*

आता माझी ओळख. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, वय 28, गेल्या वर्षापासून नऊ जणांच्या टीमचा मॅनेजर. आमच्याकडे दर तिमाहीला एक सर्व्हे येतो. 'सोमवारी सकाळी कामाला यावंसं वाटतं का' अशा छापाचे प्रश्न, एक ते दहा मार्क. माझ्या टीमची सरासरी आली 5.4. वरून मेल आला: टीमचं मनोबल वाढवण्याचा प्लॅन दोन आठवड्यांत द्या. सोबत एक तयार यादीही होती. पिझ्झा, बोलिंग, महिन्याचा मानकरी, स्क्रीनवर फोटो.

इंजिनिअरिंगला आम्हाला मॅनेजमेंटचा एक पेपर होता. टेलर, मेयो, मॅस्लो, सगळी परदेशी मंडळी. परीक्षेच्या आदल्या रात्री मॅस्लोचा पिरॅमिड काढायला शिकलो आणि दुसऱ्या दिवशी विसरलो. प्लॅन लिहायला बसल्यावर वाटलं, माणसांना कामावर आणण्याचा आणि टिकवण्याचा प्रश्न आपल्याकडे कुणालाच पडला नसेल का? पडला होता, आणि चांगला दीडशे वर्षांपूर्वी.

एम्प्रेस मिलचा मॅनेजर होता बेझनजी दादाभाई मेहता. हा मूळचा रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातला माणूस. सुताचं, मागाचं त्याला काहीही ज्ञान नव्हतं. (कोड न लिहिलेला मॅनेजर नेमला म्हणून आपण कँटीनमध्ये जे बोलतो, ते तेव्हा नागपुरात कुणी ना कुणी बोललं असणारच.) तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी नावाचा इंग्रज बघायचा. बेझनजींना माहीत होतं ते माल, माणसं आणि वेळापत्रक.

त्या काळातला गैरहजेरीवरचा सर्वमान्य उपाय म्हणजे दंड. उशीर झाला, पैसे कापा. सूत तुटलं, पैसे कापा. पगार महिना महिना अडकवून ठेवा, म्हणजे माणूस सोडून जाणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत हेच चालायचं. नागपुरात हे चाललं नसतं. ज्याला परत जायला घर आहे, त्याला दंडाची भीती किती?

मग जमशेटजी आणि बेझनजींनी दुसरं टोक धरलं. नियमित येणाऱ्यांना बक्षिसं सुरू केली, त्यासाठी वर्षाचा समारंभ ठेवला. रोख रक्कम, कापड, घड्याळं, पदकं. खेळांचे दिवस ठेवले, घरच्यांनाही बोलावलं. इथपर्यंत आमच्या एचआरच्या यादीपेक्षा फार वेगळं काही नाही. महिन्याचा मानकरी म्हणजे त्याचाच पणतू.

पण ते तिथे थांबले नाहीत. गिरणीत हवा खेळती राहावी म्हणून सोय केली. हवेत ओलावा ठेवणारी यंत्रं बसवली, आग विझवणारे फवारे बसवले. ओलावा सुतासाठीही लागतो, कोरड्या हवेत धागा तुटतो. त्यामुळे यात मालकाचा फायदा होताच. 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. 1895 मध्ये अपघात झाला तर भरपाई सुरू केली. या तारखा नीट बघा. भारतात कामगार भरपाईचा कायदा आला 1923 मध्ये. भविष्य निर्वाह निधीचा कायदा, म्हणजे तुमच्या-माझ्या पगारातून कापला जातो तो पीएफ, 1952 चा. एम्प्रेस मिल कायद्याच्या कितीतरी पुढे होती.

बक्षीस आणि पेन्शन या दोन गोष्टींत एक मोठा फरक आहे. बक्षीस मालक देतो, त्याच्या मर्जीने, एकाला देतो आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावतो. पेन्शन नियमाने सगळ्यांना मिळते, त्यासाठी कुणाच्या पुढे पुढे करावं लागत नाही. गैरहजर वीसपैकी किती जण बक्षिसासाठी यायला लागले आणि किती जण पेन्शनसाठी, हे वेगळं करून सांगता येणार नाही. पण घरी म्हातारी आई, दोन पोरं असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. चांदीचं घड्याळ की म्हातारपणाची भाकर?

*

इथे एक अडचण आहे, आणि टाटांवरच्या गुळगुळीत लेखांत ती येत नाही. भारतातल्या गिरणी कामगारांच्या अगदी सुरुवातीच्या संपांमध्ये ज्याचं नाव येतं तो संप याच एम्प्रेस मिलमधला आहे. साल 1877, कारण पगाराचे दर. म्हणजे गिरणी सुरू झाली त्याच वर्षी.

मला याचं आश्चर्य वाटत नाही, उलट बाकीचं चित्र यामुळेच नीट लागतं. पेन्शन 1886 मधली, संप 1877 मधला. पेन्शन फंड काही आभाळातून पडला नाही. त्याच्या आधी नऊ वर्षं कामगारांनी दोन प्रकारे आपलं मत नोंदवलं होतं. एकदा एकत्र काम बंद करून, आणि रोज रोज घरी थांबून. जमशेटजींचं मोठेपण हे की त्यांनी त्या 20 टक्क्यांकडे गुन्हा म्हणून न बघता माहिती म्हणून बघितलं. बहुतेक मालकांना हे जमलं नाही. बहुतेक मॅनेजरांना आजही जमत नाही.

अमेरिकेत हेन्री फोर्डला हेच गणित 1914 मध्ये सोडवावं लागलं. त्याच्या कारखान्यात 1913 मध्ये माणसं सोडून जाण्याचं प्रमाण 370 टक्के होतं. आपल्याकडच्या आयटीमध्ये 25 टक्के झालं तरी मीटिंगा लागतात! फोर्डने दिवसाचा पगार जवळजवळ दुप्पट करून पाच डॉलर केला, तास नऊवरून आठ केले आणि जगभर नाव कमावलं. मात्र पाच डॉलर सगळ्यांना सरसकट मिळत नव्हते. कंपनीची माणसं कामगाराच्या घरी जाऊन बघायची: दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, पैसे साठवतो का. पगार वाढला, पण घरात मुकादम आला. आबांनी ती नोकरीही सोडली असती.

*

मालकांच्या बाजूने ही गोष्ट सांगितली की ती कितीही चांगली असली तरी अर्धीच राहते. दुसरी बाजू मुंबईत आहे, आणि तिचं नाव नारायण मेघाजी लोखंडे.

10 जूनला तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'रविवारची सुट्टी कुणी मिळवून दिली' असा फॉरवर्ड येत असेल. तोच माणूस. फॉरवर्डमध्ये बऱ्याचदा मसाला जास्त असतो, पण मूळ गोष्ट खरी आहे आणि मसाल्याशिवायही चांगली आहे. लोखंडे 1848 मध्ये ठाण्यात जन्मले. काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे आतलं सगळं डोळ्यांनी बघितलेला माणूस. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. 1880 पासून 'दीनबंधू' हे पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं. 1884 मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं.

त्यातल्या मागण्या वाचताना मी थांबलो. आठवड्याला एक दिवस सुट्टी, रविवारी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हातात. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचा अपंग झाला तर सोय.

यात पदक नाही. समारंभ नाही. पगारवाढसुद्धा नाही! पहिल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत, चौथी आपलेच पैसे वेळेवर मिळण्याची, पाचवी सुरक्षिततेची. कामगारांना काय हवंय, हे त्यांनाच विचारलं तर अशी यादी निघते. समोर त्या वेळचा कायदा काय होता? 1881 चा फॅक्टरी ॲक्ट फक्त मुलांपुरता होता. मोठ्या पुरुषांच्या कामाच्या तासांना कसलीच मर्यादा नव्हती. ती 1911 च्या कायद्यात आली, आणि तीही दिवसाला 12 तास.

सहा वर्षं पाठपुरावा चालला. 24 एप्रिल 1890 ला मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 1890 साली, दहा हजार लोकांपुढे, गिरणीत काम करणाऱ्या बाया. मला त्यांची भाषणं कुठेतरी शब्दशः मिळावीत असं फार वाटतं. जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंडे 1897 च्या प्लेगच्या साथीत लोकांसाठी काम करता करता गेले. त्यांच्यावर 2005 मध्ये टपाल तिकीट निघालं. मॅनेजमेंटच्या पुस्तकात मात्र त्यांचा उल्लेख मला दिसला नाही, कारण ते मॅनेजर नव्हते. पण गिरणीत काम करणाऱ्या माणसाला सोमवारी सकाळी बरं कशाने वाटेल, याचं सगळ्यात नेमकं उत्तर त्यांच्याकडेच होतं.

मालक आणि कामगार यांच्यामध्ये एक तिसरा माणूस असायचा, जॉबर. नोकरी तो लावणार, खाडा झाला तर बदली माणूस तो ठरवणार, कुठल्या मशिनवर कोण हे तो ठरवणार आणि या सगळ्याबद्दल कामगाराकडून दस्तुरी घेणार. मालक पेढीवर, मॅनेजर ऑफिसात. रोजच्या बारा तासांचा देव म्हणजे जॉबर. वरून कितीही चांगला फंड काढला तरी खाली जॉबर तोच असेल तर कामगाराचा दिवस तसाच जायचा. मी माझ्या कंपनीच्या तक्त्यात नेमका कुठे बसतो ते बघितलं. मी जमशेटजींच्या जागी नाही, बेझनजींच्याही नाही. मी जॉबरच्या जागी आहे. ही जाणीव काही सुखाची नव्हती, पण कामाची होती.

आणखी एक गोष्ट. गिरणीत सगळ्यांचं मनोबल एकसारखं नव्हतंच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवा दोरा ओवताना तोंडाने ओढावा लागायचा, आणि तोच धोटा दुसऱ्याला तोंडाला लावावा लागेल. 1928-29 च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न थेट कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. म्हणजे अन्याय करणारा फक्त मालक नव्हता, शेजारचा कामगारही होता. खेळांचे दिवस आणि बक्षीस समारंभ यावर काय करणार होते? 'आम्ही सगळे एक कुटुंब' असं मेलमध्ये लिहिणाऱ्यांनी हा धोटा एकदा आठवावा.

*

किर्लोस्करवाडीचा उल्लेख न करता पुढे गेलो तर सांगली-कोल्हापूरकडचे मित्र रागावतील. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला बढती दिली गेली. ते राजीनामा देऊन बेळगावला आले, सायकलचं दुकान, मग कडबा कापायची मशिनं, मग लोखंडी नांगर. मराठी उद्योगाचा एक मोठा वृक्ष एका चुकलेल्या अप्रेजलमधून उगवला, असं म्हटलं तर फार चुकीचं नाही. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजांनी जमीन आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर वाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणीच्या कामावर ठेवलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ज्याच्यावर कुणी विश्वास टाकत नाही, त्याच्याच हातात राखण. मला यापेक्षाही आवडते ती 'किर्लोस्कर खबर'. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या बातम्या देण्यासाठी हे पत्रक काढलं. आपल्याकडे कंपनीचं न्यूजलेटर येतं ना, जे आपण न उघडता डिलीट करतो, तसं. फरक एवढाच की ते इतकं वाचलं गेलं की त्यातून 'किर्लोस्कर' मासिक झालं, आणि पुढे त्याच घरातून 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. कारखान्याच्या पत्रकातून मराठी साहित्याचा एक अख्खा काळ निघाला, हे आपल्याकडेच घडलं.

आता खानदेश. सुरत-भुसावळ लाइनवर दोंडाईचाहून गाडीत बसलं की शिंदखेडा, नरडाणा आणि मग अमळनेर. अमळनेरला 1906 मध्ये प्रताप शेठांनी प्रताप मिल काढली. याच गावात साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते, आणि पुढे त्यांनी खानदेशातल्या गिरणी कामगारांची संघटना बांधायला हात घातला. शेठांच्या देणग्यांवर गावात शाळा, कॉलेज, तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, आणि त्याच गावात कामगारांना संघटनेचीही गरज वाटली. मला यात विरोध दिसत नाही. देणगी गावाला मिळते, पगार माणसाला.

याच अमळनेरमध्ये डिसेंबर 1945 मध्ये महंमद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि 787 नावाचा कपड्यांचा साबण. 1966 मध्ये वडील गेले आणि 21 वर्षांचा मुलगा स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून आला. ती कंपनी म्हणजे विप्रो. ज्या सॉफ्टवेअर धंद्यात मी भाकर खातो, त्याचं एक मूळ माझ्या घरापासून चार-पाच स्टेशनांवर तुपाच्या डब्यात आहे, याची मला अजून गंमत वाटते.

अमळनेरच्या लोकांनी त्या कंपनीचे शेअर घेतले होते. शेतकरी, दुकानदार, नोकरदार. ज्यांनी ते विकले नाहीत, त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या नावावर बोनस शेअर होत होत कोट्यवधी रुपये जमले. या लोकांवर दर दोन-चार वर्षांनी कुठल्या तरी पेपरात लेख येतो. आपल्याकडे कर्मचाऱ्यांना शेअर देण्याची पद्धत आयटीने आणली असं आपण समजतो; विप्रोने त्यासाठीचा ट्रस्ट 1984 मध्येच केला होता. अमळनेरच्या कापडाच्या दुकानातला माणूस त्याच्या कितीतरी आधी भागीदार झाला होता, फक्त त्याला कुणी 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' म्हटलं नव्हतं.

*

माझ्याकडे द्यायला शेअर नाहीत, पेन्शन फंड नाही, पगारवाढीचा आकडाही वरून येतो. जॉबरच्या हातात असतं तेवढंच माझ्या हातात आहे: कोण कधी कामावर असेल, बदली कोण, कुणाशी कसं बोलायचं. म्हणून मी लोखंड्यांची पद्धत घेतली आणि टीमलाच विचारलं. सर्व्हेचे प्रश्न बाजूला ठेवून, एकेकाला, चहाच्या टपरीवर.

पहिल्या दोघांनी सगळं छान आहे असं सांगितलं. मॅनेजरला असंच सांगतात. तिसरा चाळीसगावचा पोरगा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तो म्हणाला, "दादा, पिझ्झा नको. रविवारी फोन नको."

आमचे ग्राहक अमेरिकेत. त्यांची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आपली शनिवारची पहाट, आणि तिकडे विकेंडला जे काही बंद पडतं ते इथे रविवारी कुणालातरी उठवतं. कुणाला, हे ठरलेलं नव्हतं. जो फोन उचलेल त्याला. त्यामुळे नऊच्या नऊ जण रविवारभर फोन हातात धरून बसायचे. लग्नात, सिंहगडावर, झोपेत. सगळ्यांना विचारून झाल्यावर नऊपैकी सात जणांच्या बोलण्यात रविवार आला. 1890 मध्ये मिळालेली सुट्टी आम्ही एकशे तीसहून जास्त वर्षांनी मोबाईलमधून परत देऊन टाकली होती, आणि संपसुद्धा झाला नव्हता.

प्लॅनमध्ये मी एक वेळापत्रक जोडलं. प्रत्येक रविवारी एकच माणूस जागा, त्याला सोमवारी सुट्टी, बाकी नऊ जणांचे फोन त्या सिस्टीममधून बंद. नाव आलं की पुढचे नऊ रविवार मोकळे. यादीत मी स्वतःलाही धरलं, म्हणजे दहा. वरून विचारणा आली की यात मनोबल वाढवणारा उपक्रम कुठे आहे, आणि बोलिंगचं बजेट का वापरलं नाही. मी लिहिलं, उपक्रम रविवारी आहे. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही, पण वेळापत्रक नामंजूरही झालेलं नाही.

एम्प्रेस मिल शेवटी टिकली नाही. 1986 मध्ये ती टाटांच्या हातून गेली, राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली, मग बंद पडली. कामगारांची देणी, खटले, मोर्चे हे सगळं झालं. त्या जमिनीवर आता मॉल आहे, नाव एम्प्रेसच. मागच्या दिवाळीत मित्राच्या लग्नाला नागपूरला गेलो तेव्हा आत जाऊन आलो. रविवार होता. दुकानांत कामाला असलेली पोरं-पोरी उभीच होती, त्यांचा तो कामाचा दिवस.